सावडीचा रविवार

पाय प्लॅस्टरमध्ये असला की बाईनं नुसतं पडून राहावं, असं कामशेतच्या डॉक्टरांनी मला सांगितलं. त्यांचं काय जातं सांगायला! जून संपता संपता मागच्या दारी शेवाळावरून माझा पाय सटकला, घोट्याजवळचं हाड मोडलं आणि सहा आठवड्यांची शिक्षा झाली. माझी खाट पडवीत टाकली होती. तिथून समोर आमची भाताची खाचरं दिसतात, त्यांच्या पलीकडे डोंगर. त्या डोंगरावरून पांढऱ्या धारा सुटल्या की शहरातली माणसं गाड्या भरभरून आमच्या भाजे गावात येतात. मला ना डोंगराचं काही होतं, ना गाड्यांचं. माझी नजर वाफ्यातल्या रोपावर होती. रोप वीतभर झालं होतं, लावणीला आलं होतं, आणि लावणीचा सगळा कारभार त्या वर्षी माझ्या मुलीच्या हातात होता.

मुलगी तेवीस वर्षांची. दोन वर्षं तिनं नवलाख उंबऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत काढली. पट्ट्यावरून सरकत येणारे पार्ट तपासायचे, वाकडा निघाला की बाजूला टाकायचा. एप्रिलमध्ये एके दिवशी घरी आली, चपला काढता काढता म्हणाली, "मी काम सोडलं. मला आपलं शेत करून बघायचंय." तिचे वडील लोणावळ्याच्या एका हॉटेलात देखभालीचं काम करतात. नळ, वायरी, पंप, सगळं तेच बघतात. त्यांनी डब्याचं झाकण लावत लावत निकाल दिला, "एक वर्ष कर. लावणी वेळेत झाली तर शेत तू बघ, मी मधे बोलणार नाही. वाफ्यात रोप राहिलं, तर पुढच्या वर्षी शेत दुसऱ्याला वाट्यानं कसायला देऊ आणि तू परत कंपनीत." ती म्हणाली, "चालेल." मी म्हणाले, "अहो, असं कुठं बोलतात का पोरीशी?" पण त्या दोघांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी अंगणवाडी सेविका. गावातली निम्मी पोरं माझ्या हाताखालून गेली. दोन वर्षांचं पोर आपल्या हातानं खायला लागलं की आया मधे धावतात, आणि मी त्यांना दटावते, "सांडू दे त्याला, भरवू नका." हे सगळं मी दुसऱ्यांच्या पोरांबद्दल फार छान सांगते. स्वतःच्या पोरीची वेळ आली तेव्हा माझा जीव नुसता वरखाली होत होता. ती बांध नीट लिंपतेय का, वाफ्याला पाणी जास्त झालंय का, खत कधी आणणार, सगळं मी खाटेवरून ओरडून विचारायची. ती आधी उत्तर द्यायची. मग नुसती मान हलवायची. मग मान हलवणंही बंद झालं.

आमच्याकडे लावणी सावडीनं होते. आज चार घरची माणसं आमच्या खाचरात, उद्या आम्ही त्यांच्या. मजुरी नाही, दिवसाला दिवस. पण सावड मागायची एक रीत आहे. घरोघर जायचं, दारात उभं राहून दिवस सांगायचा, आणि समोरची "येते" म्हणाली की तो शब्द झाला. मोबाइल आले तरी ही रीत काही गेली नाही. माझ्या मुलीनं आधी ग्रुपवरच टाकलं होतं, आमच्या लावणीला कोण कोण येणार? पटापट अंगठे आले. ती खूश. मी म्हणाले, "अंगठ्यांनी रोप लागत नाही बाई, उंबरे झिजव." तोंड वाकडं केलं तिनं, पण गेली. तीन संध्याकाळी छत्री घेऊन घरोघर फिरली. कुणी विचारलं, आईचा पाय कसाय. कुणी विचारलं, तुझं लग्न कधी. चिखलानं भरलेले पाय धुता धुता तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाराजणी येतायत. मंगळवारी."

मंगळवार! आमच्या घरात लावणीची पहिली मूठ मंगळवारी धरत नाहीत. सासूबाईंनी कधी धरू दिली नाही आणि त्या गेल्यावर मीही कधी धरली नाही. आता हे बोलायचं कोणत्या तोंडानं? लसीच्या दिवशी बायांना मीच ठणकावते, अंगारे धुपारे करत बसू नका, पोराला सुई टोचून घ्या. मुलगी हसली असती. हसलीच असती, आणि तिचं हसू माझ्याच्यानं सोसवलं नसतं. म्हणून मी आडून विचारलं, "रविवारी का नाही करत? रोपाची शेंडी पिवळी पडायला लागलीय."

"मी ठरवलंय आई. सगळं बघून ठरवलंय."

सगळं म्हणजे काय, हे मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं. मला फक्त "मी ठरवलंय" एवढंच ऐकू आलं आणि तेच डोक्यात जाऊन बसलं. म्हटलं, बघा, कालपर्यंत वेणी घालून मागायची आणि आज ठरवतेय!

शुक्रवारी ती खत आणायला कामशेतला गेली. मी पडवीत एकटी. पावसाची रिपरिप चालू होती, कोंबड्या खाटेखाली दाटीवाटीनं बसलेल्या, आणि माझ्या उशीखाली मोबाइल. मी स्वतःला सांगितलं, हात लावायचा नाही. आणि पहिला फोन लावला तो गावातल्या सगळ्यात जुन्याजाणत्या मावशीला. लावणीत तिचा हात कुणी धरू शकत नाही.

"मावशी, लेकीनं मंगळवार सांगितलाय ना? ते राहू दे. रविवारी सकाळी या. तिला काही बोलू नका, मी सांगते तिला."

"रविवारी?" मावशी थांबली. "बरं बाई, तू म्हनतीस तर येतो."

मग एकापाठोपाठ एक बाराही जणींना सांगितलं. त्यातल्या दोघींच्या रस्त्यावर भाजलेल्या कणसांच्या गाड्या आहेत. जुलैतला रविवार म्हणजे त्यांच्या धंद्याचा मोठा दिवस. तरी त्या "बरं बाई" म्हणाल्या, कारण त्यांची पोरं माझ्या अंगणवाडीत शिकली आणि बाईला नाही म्हणायची या गावात सवय नाही. फोन ठेवला तेव्हा मला इतकं हलकं वाटलं! तीन आठवड्यांत पहिल्यांदा मी काहीतरी केलं होतं. पोरीचं काम सोपं करून दिलं, असं मी मनाशी म्हणाले, आणि खरंच तसंच मानत होते.

आता राहिलं होतं तिला सांगायचं. शनिवारी सकाळी सांगू म्हटलं, तर ती उजाडायच्या आत फावडं घेऊन बांधावर. दुपारी सांगू म्हटलं, तर ती उभ्या उभ्याच भाकरी खाऊन परत गेली. संध्याकाळी आली ती अशी दमलेली की ताटावरच पेंगायला लागली. माझ्या तोंडाशी चार वेळा शब्द आला आणि चारही वेळा गिळला. तिच्या वडिलांचा शनिवार-रविवार हॉटेलातच जातो, तेही घरी नव्हते. मनात म्हटलं, आता सकाळी सांगू. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. तेवीस वर्षांच्या पोरीला मी, तिची आई, घाबरले होते.

रविवारी सकाळी सात वाजता बाराजणी प्लॅस्टिकच्या खोळी पांघरून, पदर खोचून, आमच्या बांधावर हजर. मुलगी गोठ्यातून शेणाची पाटी घेऊन बाहेर आली. तिनं त्यांच्याकडे बघितलं. मग खाचरांकडे बघितलं. खाचरात नुसतं पाणी आणि गवत. चिखलणी झालेली नव्हती, नांगरही फिरला नव्हता. अशा खाचरात रोप लावायचं म्हणजे दगडात लावल्यासारखं.

"मावशी, आज?"

"व्हय, आजच ना?" मावशी म्हणाली आणि तिनं पडवीकडे बघितलं.

पडवीत मी. माझं सगळं लक्ष एकदम प्लॅस्टरकडे.

मग ती त्यांना समजावत होती ते मी खाटेवरून ऐकलं, आणि 'सगळं बघून' म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. गावातला ट्रॅक्टर या वर्षी बंद पडलाय. तिनं कामशेतचा ठरवला होता, तो सोमवारचा. का, तर शनिवार-रविवार मळवलीपासून वरपर्यंत पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते, ट्रॅक्टर अडकतो. म्हणून सोमवारी चिखलणी, रात्रभर चिखल बसू द्यायचा, मंगळवारी लावणी. इतकं साधं होतं! दर वर्षी ट्रॅक्टर शेजारून यायचा, लावणीच्या सकाळी हाक मारली की चिखलणी करून जायचा, म्हणून माझ्या डोक्यात त्याचा विचारच आला नव्हता. तरी तिनं त्या ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला. तो हसला असणार, कारण तिची मान खाली गेली. "ताई, फाट्यापासून गाड्याच गाड्या आहेत, उडत येऊ का?" असं म्हणाला म्हणे.

सावडीला आलेली बाई बिनकामाची परत पाठवणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. त्या घराच्या शब्दाला मग कुणी विचारत नाही. आज परत गेलेल्या बाया मंगळवारी कशाला येतील? त्यांची स्वतःची रोपं वाट बघत असतात. आणि मंगळवारी माणसं आली नाहीत तर रोप वाफ्यातच राहणार, आणि पुढचं सगळं तिच्या वडिलांनी आधीच सांगून ठेवलेलं. आता बोलावं, आत्ताच बोलावं, म्हणून मी कोपरावर उठलेसुद्धा.

मुलगी माझ्याकडे बघत होती. एवढ्या लांबून तिचे डोळे दिसत नव्हते, पण ती किती वेळ बघत होती ते मला माहीत आहे. मग वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझाच घोळ झाला. दिवस सांगताना गडबड झाली माझी. चुकले मी."

आणि मी परत आडवी झाले. हो, झाले! ज्या बायांना मी वर्षानुवर्षं शिकवत आले, त्यांच्यासमोर तोंडघशी पडायचं मला धाडस झालं नाही. पोरीनं अंगावर घेतलं आणि मी घेऊ दिलं. लिहितानाही आता हात थांबतोय.

मावशी म्हणाली, "असू दे पोरी, व्हतं असं." मला वाटलं, चला, पटलं यांना.

मग माझ्या मुलीनं जे केलं ते मी जन्मात केलं नसतं. आमच्या खाचराला लागून माझ्या चुलत जावेचं खाचर आहे. बांधातून पाणी काढण्यावरून आमचं वाजलं, त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून मी तिच्या दारासमोरून जाताना छत्री आडवी धरते. तिची चिखलणी झाली होती, रोप उपटून जुड्या बांधून ठेवलेल्या होत्या, पण तिच्याकडे माणसं कमी, सगळी लावणी दोघी-तिघींवर. मुलगी सरळ तो बांध ओलांडून गेली. काय बोलली ते ऐकू आलं नाही. जावेनं कमरेवर हात ठेवून ऐकलं, एकदा आमच्या पडवीकडे बघितलं, आणि मान हलवली.

आणि माझ्या बोलावण्यावरून आलेल्या बाराजणी माझ्या डोळ्यांदेखत त्या बांधावरून पलीकडे गेल्या.

दिवसभर तिकडून हसण्याचा आवाज येत होता. दुपारी जावेनं सगळ्यांना जेवायला घातलं. मी खाटेवर या कुशीवरून त्या कुशीवर. जावेचं खाचर हिरवं होत चाललं होतं आणि आमचं तसंच गवतानं भरलेलं. राग येत होता. कुणाचा ते कळत नव्हतं, म्हणून मी कोंबड्यांवर ओरडत होते.

संध्याकाळी ती आली, न्हाणीत पाय धुऊ लागली. मी तयारी करून बसले होते. ती भांडेल, मग मी रडेन, मग मी सासूबाईंचं आणि मंगळवारचं सांगेन, असं सगळं मनात ठरलेलं. ती बाहेर आली, केस पुसत म्हणाली, "ट्रॅक्टर उद्या नऊला येतोय. चहा टाकू का?"

"बोल ना काहीतरी!" मी ओरडले.

"काय बोलू?"

"काहीही बोल. मला बोल."

"आई, उद्या लय काम आहे," ती म्हणाली आणि आत गेली. आतून स्टोव्हचा आवाज आला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. असं कोरडं सोडून दिलेलं मला सोसत नाही, माझा स्वभावच नाही तो.

तेवढ्यात तिच्या वडिलांचा फोन. गावातलं कुणीतरी लोणावळ्यात त्यांना भेटलं होतं आणि सगळं सांगून मोकळं झालं होतं. "काय चाललंय तिथं? बाराजणी रिकाम्या खाचरावर बोलावल्या म्हणे हिनं? मी सांगितलं नव्हतं? पोरीच्या हातात कारभार दिला की हेच. या वर्षीचं होऊ दे कसंतरी, पुढच्या वर्षी वाट्यानं देऊन टाकू."

"अहो, तसं नाही..." मी म्हणाले.

"मग कसं?"

मुलगी चहाचा कप घेऊन दारात उभी होती. तिनं कप खाली ठेवला, माझ्या हातातून फोन घेतला. "बाबा, घोळ झाला. मंगळवारी सगळं लागतंय. तुमची सुट्टी आहे ना मंगळवारी? या मग बघायला." फोन ठेवला आणि कप माझ्या हातात दिला. चहात साखर नेहमीसारखीच होती. मला तो कडू लागला.

सोमवारी ट्रॅक्टर आला आणि चिखलणी झाली. मुलगी दिवसभर ट्रॅक्टरमागं चिखल सपाट करायची फळी ओढत होती. मी मात्र एकाच गोष्टीचा घोर लावून बसले होते, मंगळवारी कोण येणार? रविवारी फसलेल्या बाया परत कशाला येतील? फोन माझ्या उशीखालीच होता. दोनदा काढला आणि दोनदा ठेवला. तिसऱ्यांदा मी तो काठीनं ढकलून ढकलून पडवीच्या पार टोकाला नेला, हात पोचणार नाही एवढा लांब. चार वाजता तो वाजला आणि मला घेताच आला नाही.

मंगळवारी उजाडलं तेव्हा पहिली आली ती माझी जाऊ, तिच्या घरच्या दोघींना घेऊन. मग मावशी. मग एकेक करत बाराही जणी. मला खरं वाटेना. सात वाजता रोप उपटायला सुरुवात झाली, आठला पहिली मूठ चिखलात गेली. मंगळवार होता. आभाळ काही कोसळलं नाही.

तिचे वडील पहाटेच्या गाडीनं आले होते. मी हट्टच धरला, मला बांधावर न्या. प्लॅस्टरला पिशवी बांधली, एका हातात काठी, दुसरा हात त्यांच्या खांद्यावर, आणि पन्नास पावलं चालायला मला पाव तास लागला. त्यांनी बांधावर प्लॅस्टिकची खुर्ची टाकली. मुलीनं मान वर करून बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि परत वाकली.

हे माझ्या शेजारी हाताची घडी घालून उभे राहिले. थोडा वेळ बघत होते. मग म्हणाले, "रोप जरा जून झालंय. रविवारीच नीट झालं असतं तर बरं झालं असतं. पोरीनं माती खाल्ली तिथं."

मी हातातली काठी बांधावर आपटली.

"तिनं नाही! मी!" माझा आवाज इतका चढला की सगळ्या वाकलेल्या पाठी सरळ झाल्या. "मी केला घोळ. तिनं सगळ्यांना मंगळवारच सांगितला होता. मी तिच्या मागं बाराही जणींना फोन करून रविवारी बोलावलं. ट्रॅक्टरचं विचारलं नाही, तिला सांगितलं नाही, आणि तिनं स्वतःवर घेतलं तेव्हा तोंड उघडलं नाही. मंगळवार धरवत नाही म्हणून केलं, ऐका आता सगळे!"

मग मावशी खुदकन हसली आणि तिच्यामागं सगळ्याच हसायला लागल्या. एकजण तर हसता हसता चिखलात बसली.

"अगं बाई," मावशी डोळे पुसत म्हणाली, "फोन आमालाच केलतास ना तू? मग आमाला म्हाईत न्हाई व्हय? आमी काय येड्या हाय का?"

कपाळ माझं! दोन दिवस, दोन रात्री मी यांच्यापासून लपवत होते, आणि ज्यांच्यापासून लपवत होते त्यांनाच मी फोन केले होते. इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नव्हती.

"मला तर तुझा फोन बी न्हाई आला," माझी जाऊ म्हणाली, चार वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलत, "तरी मला बी म्हाईत हाय."

माहीत नव्हतं ते एकट्या माझ्या नवऱ्याला. ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, खाचरात उतरले आणि मुलीला म्हणाले, "मी कुठं लागू?" ती म्हणाली, "जुड्या टाका बाबा, मधल्या दोन ओळींत." ते जुड्या टाकायला लागले.

पण मला गप्प बसवेना. "मग रविवारीच का नाही बोललात?" मी मावशीला विचारलं. "तोंडावर सांगायचं होतंत मला."

"सांगनारच व्हतो. लय राग आलता. कणसाची गाडी बंद ठेवून आलेल्या पोरी, त्या तर निगाल्याच व्हत्या घरी." मावशीनं हातातली मूठ चिखलात रोवली. "पन पलीकडं गेल्याव तुज्या लेकीनं समद्यांना उभं केलं आनि सांगितलं, आईसमोर कुनी इषय काढू नका. ती पडून हाय, तिच्या जिवाला लागंल. तुमच्या दिवसाचं माज्यावर सोडा, मी एकेकीच्यात दोन-दोन दिवस येते, पन आईला बोलू नका. मग काय बोलनार आमी? तुज्यासाटी न्हाई आलो गं आज. तिच्यासाटी आलो."

लाज वाटली मला, आणि आनंद झाला, आणि त्या दोन्हींवर कडी करून राग आला. माझ्या पाठीमागं बारा बाया गोळा करायच्या, माझ्या भल्यासाठी, मला न सांगता? हिला कुणी सांगितलं माझी एवढी काळजी करायला? मी काय लहान आहे? मला एका शब्दानं विचारायचं तरी! हे सगळं बोलायला मी तोंड उघडलं. बाराजणी, माझी जाऊ, माझा नवरा, सगळे माझ्याकडे बघत होते. मी काय बोलायला निघालेय ते मला ऐकू आलं, आणि मी तोंड मिटलं.

मुलगी वाकलेलीच होती. हातातली मूठ संपवून तिनं पुढची जुडी सोडली.

"आई," ती मान वर न करता म्हणाली, "खुर्ची मागं घे. पाय भिजतोय."

मी खुर्ची मागं घेतली.